देऊळ नव्हे

अण्णा, रत्नागिरीच्या कॉलेजात तुमच्या नावाने बक्षीस सुरू करतायत. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला कॉम्प्लेक्स ॲनॅलिसिसमध्ये जो पहिला येईल त्याला. तुमचे जुने विद्यार्थी एकत्र आलेत, त्यानिमित्ताने स्मरणिका निघणार आहे, आणि त्यांच्यातल्या एकाने मला चिपळूणला फोन करून सांगितलं, "मॅडम, तुम्ही तर सरांची मुलगीही आणि विद्यार्थिनीही. दोन पानं द्याच. सरांची शिस्त, त्यांचा निःपक्षपातीपणा, असं काहीतरी." मी हो म्हटलं, कारण नाही म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं. काल माझ्या कॉलेजातून शिकवून आल्यावर बसले, पहिल्याच ओळीत 'निःपक्षपाती' लिहिलं आणि असा संताप आला की कागद फाडून टाकला. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. गेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात. असं म्हणणाऱ्यांना त्यांच्या वडिलांनी वर्गात शिकवलेलं नसणार.

कॉलेजचा पहिला दिवस आठवतो का तुम्हाला? घरून स्कूटरवर मागे बसवून आणलंत आणि पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यावर उतरवलंत. "इथून चालत ये. आणि आत मला अण्णा म्हणायचं नाही. सर म्हणायचं." मला वाटलं गंमत करताय. तुम्ही गंमत करत नसायचात. तीन वर्षं मी त्या कोपऱ्यापासून चढ चढत गेले आणि तुम्ही माझ्या शेजारून स्कूटर नेताना एकदाही मान वळवली नाहीत. पावसात छत्री उलटी व्हायची, सलवार गुडघ्यापर्यंत लाल चिखलाने भरायची, तरी नाही. मागून येणाऱ्या मैत्रिणी विचारायच्या, "सर तुझे सख्खे बाबा ना गो?" आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं लोक वागतात, तुम्ही ती म्हण उलटी चालवलीत आणि त्याचा तुम्हाला अभिमान होता. वर्गातल्या कुणाला बोलायचं असलं की मला बोलायचात. लेकी बोले सुने लागे म्हणतात, पण तुमच्या वर्गात लेकीलाच लागायचं आणि सुना मागच्या बाकांवर बसून हसायच्या.

शिकवायचात मात्र उत्तम. हे लिहिताना हात जड होतो, पण खोटं कशाला लिहू. गणित सोडवता सोडवता मध्येच थांबायचात. खडू फळ्याला टेकलेला, पाठ आमच्याकडे, आणि पुढची पायरी कुणीतरी सांगेपर्यंत तो खडू हलायचा नाही. 'सांगा' म्हणायचा नाहीत, मागे वळायचा नाहीत. पाच मिनिटं, दहा मिनिटं. एकदा तास संपला तरी कुणाला जमलं नाही, तर ओळ अर्धी ठेवून निघून गेलात, फळा पुसायचा नाही म्हणून शिपायाला बजावलंत, आणि दुसऱ्या दिवशी येऊन त्याच जागी खडू टेकवून उभे राहिलात. राहिलेली पायरी तुम्ही स्वतः कधी लिहिली नाहीत. ती समोरच्याने द्यायची. सुरुवातीला मी द्यायचे. मग मी तोंड उघडलं की तुम्ही फळ्याकडेच बघत म्हणायचात, "दुसरं कुणी." वर्षभरात मी शिकले. पायरी येत असली तरी गप्प बसायचं.

हा विषय सगळा फेऱ्यांचा. एका बंद वाटेने पूर्ण फेरी मारायची, आणि आत पाऊल न टाकता आत काय दडलंय ते त्या फेरीवरून ओळखायचं. बाकीच्यांना हे पचायला महिना लागला, मला पहिल्या तासाला कळलं, कारण तुम्ही ते मला मी दहा वर्षांची असतानाच सांगून ठेवलं होतंत. गणपतीपुळ्याला. तिथे डोंगरच देव, म्हणून प्रदक्षिणा सगळ्या डोंगराला. माझे पाय दुखत होते, मी कुरकुरत विचारलं की डोंगराच्या आत काय आहे, आणि तुम्ही माझं बोट धरून म्हणालात, "आत जायची गरज नसते गो. फेरी नीट घातली की आत काय आहे ते कळतं." उजव्या हाताला डोंगर, डाव्या हाताला समुद्र, आणि तुमचा हात घामेजलेला. तुमच्या सगळ्या दिवसांतला तेवढा एक दिवस मी अजून नावं न ठेवता सांभाळलाय. पण गणितातली फेरी देवळाच्या उलट असते, हेही तुम्हीच शिकवलंत. चालताना आतला भाग डाव्या हाताला ठेवायचा, म्हणजे घड्याळाच्या उलट फिरायचं, ती सुलटी फेरी. देवळातल्यासारखं उजव्या हाताला ठेवून फिरलात तरी चालतं, फक्त पुढे मायनस लावायचं. फरक तेवढाच.

मग ती टेस्ट. वीस मार्कांची, दोन गणितं, आणि जो पहिला येईल तो मुंबईला उन्हाळी शिबिराला जाणार. देशभरातून निवडलेली मुलं, महिनाभर गणिताशिवाय दुसरं काही नाही. त्या वर्षी मला दुसरं काही नको होतं अण्णा, दिवाळीला ड्रेससुद्धा नको म्हटलं होतं मी. खरी चुरस दोघांत होती, मी आणि खेडचा एक मुलगा, हॉस्टेलवर राहायचा तो. पहिलं गणित मी पूर्ण सोडवलं. दुसऱ्यात तुम्ही शिकवलेली वाट वरून जाणारी होती: एक आडवी रेघ आणि तिच्या डोक्यावर अर्धं वर्तुळ. मी खालून गेले. रेघेच्या खाली अर्धं वर्तुळ काढून फेरी पुरी केली. खालून का, तर खालूनही जाता येतं हे मला दिसलं होतं, आणि विसाव्या वर्षी आपल्याला दिसलेलं दुसऱ्याला दाखवायची फार घाई असते. त्यातून दुसरा कुणी नाही, तुम्ही बघणार होतात. उत्तर पाय भागिले ई. अगदी बरोबर आलं.

पेपर तुम्ही वर्गात वाटायचात, एकेकाला उभं करून, लाल शेरा मोठ्याने वाचून. मला म्हणालात, "दहा." दुसऱ्या गणितावर वरपासून खालपर्यंत एक तिरकी लाल रेघ, शून्य, आणि खाली दोन शब्द. तेही वाचलेत. "देऊळ नव्हे." वर्ग हसला. मी उभीच होते, तुम्ही पुढचा पेपर उचलला. मी त्या शब्दांचा अर्थ लावला तो असा: देवळात घालतात तशी फेरी खालून घालत बसलीस, मी सांगितलेल्या वाटेने गेली नाहीस, म्हणून शून्य. खेडच्या मुलाला चौदा. त्याने मला सायकल स्टँडपाशी गाठून पेपर दाखवला, बिचारा माझ्यापेक्षा जास्त ओशाळलेला. पहिल्यात त्याचे चार गेले होते. दुसऱ्या गणितात त्याचं चिन्ह चुकलं होतं, उत्तरच उणे आलं होतं, आणि तुम्ही त्याचे दोन मार्क कापले होतेत. दोन. "तुझं उत्तर बरोबर आहे, माझं चुकलंय," तो म्हणाला. "सर असं कसं करतात?" तुमचं कौतुक करायला आता स्मरणिका काढणाऱ्यांत तोही आहे.

घरी आले तेव्हा आई ओट्यापाशी कोलंबी सोलत होती आणि तुम्ही पाटावर बसून चहा पीत होतात. मी पेपर ओट्यावर ठेवला. म्हटलं, "अण्णा, एकदा बघा." तुम्ही बशीवरून नजर न उचलता म्हणालात, "पेपर घरात आणायचा नाही." आई म्हणाली, "अहो, बघा तरी. सकाळपासून पोटात काही नाही तिच्या." "उद्या अकराला डिपार्टमेंटला ये. सगळे येतात तशी." आणि उठून गेलात. पेपर ओढून घेताना माझा हात लागून आमसुलाच्या आगळाची वाटी कलंडली, कागदाचा एक कोपरा गुलाबी झाला. आई पदराने टिपत म्हणाली, "राहू दे गो. त्यांचं तसंच आहे." तुमचा जेवढा राग आहे तेवढाच मला या वाक्याचाही आहे. एका माणसाचं 'तसंच' असतं आणि घरातल्या बाकीच्यांनी त्याच्याभोवती कोलंबी सोलत बसायचं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मी रांगेत उभी. माझ्या पुढच्या मुलीच्या बेरजेत चूक होती, तुम्ही तिला तीन मार्क वाढवून दिलेत आणि सॉरीसुद्धा म्हणालात. तुम्हाला सॉरी म्हणता येतं हे मला त्या दिवशी कळलं. मी पेपर पुढे केला. तुम्ही म्हणालात, "हा डाग कसला?" मी म्हटलं, "आगळाचा." "त्याने मार्कांत फरक पडत नाही. नेक्स्ट." तेवढ्यात शेजारच्या टेबलावरचे सर म्हणाले, "स्वतःच्या मुलीलाही सोडलं नाहीत हो तुम्ही," आणि तुम्ही हसलात. दातही दिसले नाहीत, नुसते ओठ हलले. त्या हसण्यासाठी तुम्ही माझं शिबिर खर्ची घातलंत असं मी तेव्हा मानलं, आणि आजही मानते. रत्नागिरीत कुणी बोट दाखवू नये म्हणून. ज्यांची तुम्हाला एवढी भीती, त्या चारचौघांतल्या एकालाही माझे मार्क दुसऱ्या दिवशी आठवत नव्हते.

खेडचा मुलगा शिबिराला गेला, तिथून पुढे गेला, आता परदेशात शिकवतो. मी कोल्हापूरला एम.एस्सी. केलं आणि चिपळूणच्या कॉलेजात लागले. वाईट काही झालं नाही. पण ही गोष्ट मी भेटेल त्याला सांगायचे. लग्नाच्या पंगतीत, स्टाफरूममध्ये, नवऱ्याला तर लग्न ठरायच्या आधीच सांगितली होती. आमच्या अण्णांनी उत्तर बरोबर असताना शून्य दिलं, का, तर मी त्यांच्या वाटेने गेले नाही. लोक हळहळायचे. तुमच्या कानावर गेलं असणारच, रत्नागिरी केवढीशी. तुम्ही कधी विषय काढला नाहीत. मी सणाला आले की आंबा कसा आहे, गाडीला गर्दी होती का, एवढंच विचारायचात.

मग एका वर्षी मी तो पेपर वर्गात नेला. दहा वर्षं झाली होती, कागद घडीवर फाटायला आला होता. मुलांना दाखवायचं होतं की बरोबर उत्तरालाही शून्य मिळू शकतं, म्हणून खचू नका. आकृतीसकट सगळं फळ्यावर जसंच्या तसं उतरवलं, खाली पाय भागिले ई लिहिलं आणि मागे वळले. तिसऱ्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. "मॅडम, आपण घड्याळासारखं फिरलोय ना? मग पुढे मायनस पायजे ना?" मी फळ्याकडे बघितलं. नव्हतं. दुसरा कुणीतरी म्हणाला, "छेदात पण मायनस राहिलंय, मॅडम. दोन्हीकडं राहिलं म्हणून उत्तर जमलं." मुलं हसली, मला नाही, गणिताला. दोन चुका एकमेकींना खाऊन बसल्या होत्या. विसाव्या वर्षी मी गणपतीपुळ्याला चालल्यासारखी उजव्या हाताला ठेवून चालत गेले होते आणि तीच सुलटी फेरी समजले होते. लहानपणापासून तीच सुलटी होती माझी. देऊळ नव्हे. वाटेबद्दल तुम्ही काही म्हटलंच नव्हतं. मी त्या मुलीला शाबास म्हटलं, फळा पुसला, पेपर पर्समध्ये ठेवला.

तरी हिशोब तुमच्या बाजूने जात नाही, अण्णा. तुम्ही दोन चुकांचे चार कापायचे होते. सोळा उरतात. तो चौदा, मी सोळा. त्याच्या चुकीला दोन आणि माझ्या दोन चुकांना दहा, हा कुठला निःपक्षपात? आणि शेरा लिहायचाच होता तर 'मायनस राहिलं' लिहायला किती शाई लागली असती? आपल्या दोघांची ती एक प्रदक्षिणा, ती काढून वर्गाला हसायला दिलीत. ज्यांना त्यातलं काही माहीत नव्हतं तेही हसले. पण त्या दिवसापासून मी गोष्ट सांगायची बंद केली. त्या वर्षी गणपतीला घरी आले, तुमच्या समोर बसून मोदक खाल्ले, तुम्ही विचारलंत, "काय शिकवतेस सध्या?" मी म्हटलं, "तेच." मला कबूल करता आलं असतं तेव्हा. मग पुढच्या वर्षी. अशी सात वर्षं गेली.

आणि मग हॉस्पिटल. दुपारची वेळ, आई डबा आणायला घरी गेली आहे, खोलीत आपण दोघंच. तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडलाय, डोळे उघडे. तुमचं बोट चादरीवर फिरतंय: डावीकडून उजवीकडे एक रेघ, आणि मग रेघेच्या खालून अर्धं वर्तुळ, परत पहिल्या जागी. मला ओळखायला वेळ लागत नाही. तुम्ही म्हणता, "खालून गेलीस ते बरोबर होतं. मी कापायला नको होते. चुकलं माझं." सतरा वर्षं मी या वाक्याची वाट बघत होते. आणि ते आलं ते चुकीच्या जागी आलं. मला माफी हवी होती सहा मार्कांची, पेट्रोल पंपाच्या कोपऱ्याची, त्या ओठ हलवून हसण्याची. तुम्ही दिलीत वाटेची. एवढं बोलून तुम्ही थांबलात. बोट चादरीला टेकलेलं, फेरी संपते तिथे. मान वळवली नाहीत. मी म्हटलं, "असू दे अण्णा. जुनं झालं ते." माफ करणाऱ्या माणसाच्या आवाजात म्हटलं, मोठं मन दाखवून. तुम्ही बोट उचललं नाहीत. सलाईन बघायला नर्स आली, तिने तुमचा हात उचलून अंगाशी ठेवला. चार दिवसांनी तुम्ही गेलात.

आई म्हणते, शेवटी शेवटी त्यांना काही आठवत नव्हतं. असेलही. मायनस विसरला असाल. किंवा तुम्हाला सगळं आठवत होतं आणि आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही कुणाला न कमावलेले मार्क दिलेत, आणि तेही मला, आणि तेही एवढ्या उशिरा की त्यांचा काही उपयोग नाही. दोन्हीचा मला राग येतो. मी स्वतःला सांगत आलेय की ते दोन मायनस राहिल्याचं बोलले असते तर तुम्ही माफी मागे घेतली असतीत, "म्हणजे शून्यच" म्हणाला असतात, म्हणून गप्प बसले. तसं नाही. माफी चुकीची आहे हे कळत होतं आणि तरी ती मला हवी होती, म्हणून घेतली.

स्मरणिकेला दोन पानं उद्या लिहीन. तुम्ही खडू टेकवून थांबायचात ते लिहीन, लोकांना आवडेल. निःपक्षपाती हा शब्द माझ्या हातून येणार नाही, तो त्यांनी हवा तर संपादकीयात घालावा. हा कागद कुठे पाठवायचा नाहीये, आगळाचा डाग पडलेल्या त्या पेपरात घडी घालून ठेवतेय. त्या दुपारी खोलीत दुसरं कुणी नव्हतं, अण्णा. आणि पायरी मला येत होती.